‘झिरो’ला हसण्याआधी

‘गिफ’ की ‘जिफ’? ऑफिसात या वादावर दोन चहा सहज होतात. हा फॉरमॅट १९८७मध्ये घडवणाऱ्या स्टीव्ह विल्हाइटने २०१३मध्ये ‘जिफ’ असा निकाल दिला, तरी कितीतरी लोक ‘गिफ’च म्हणतात. त्यावरून कुणाची अक्कल काढली जात नाही.

पण बीडच्या सहकाऱ्याने कॉलवर ‘झिरो’ म्हटलं की हसू फुटतं. जर्मन मॅनेजर ‘सॉफ्टव्हेअर’ म्हणतो, तो मात्र ॲक्सेंट! सहकारी आता कॉलवर बोलत नाही, नुसतं टाइप करतो. त्याला दिसलेले बग आम्हाला उशिरा कळतात.

मला वाटतं, आपल्याला खटकतो तो उच्चार नाही, बोलणाऱ्याची पायरी. ‘आस्क’ला ‘आक्स’ म्हणणं आज अडाणीपणाचं समजतात. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या लिखाणात ते रूप सर्रास सापडतं.

‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’, हे विचारायलाच हवं. तिथे हिशेब चुकतो. पण अर्थ पोचला असेल, तर दुरुस्ती कुणासाठी? मी एकच कसोटी लावतो: हाच उच्चार क्लायंटने केला असता, तर मी टोकलं असतं का? नसेल, तर इथेही गप्प बसावं.