एका माणसाने अख्खं गाव कसं व्हावं?

मालवण,
श्रावण

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मागे कुकरच्या शिट्या चालल्या होत्या आणि तू हळू आवाजात बोलत होतीस. म्हणजे जावईबापू घरातच असणार. "कोलकाता छान आहे गं मावशी, पण इथे प्रत्येक गोष्टीला मोहरीच्या तेलाचा वास येतो," एवढं म्हणालीस आणि गप्प झालीस. तेलाच्या वासाची तक्रार कुणी एवढ्या हळू करत नाही. मी तेव्हा खोदून विचारलं नाही. फोनवर विचारलं की माणूस 'काही नाही' म्हणतो आणि पुढचं बोलणंही बंद होतं. त्यापेक्षा पत्र बरं. हवं तेव्हा वाच, नको तेव्हा उशीखाली ठेव.

आम्ही त्या शहरात सहा वर्षं काढली, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. पण आम्ही सांगायचो ते ट्रामचं आणि रसगुल्ल्यांचं. पहिल्या हिवाळ्याचं कुणाला सांगितलं नव्हतं. ते आज सांगते.

१९८० च्या नोव्हेंबरात तुझ्या काकांची बदली झाली म्हणून आम्ही गीतांजली एक्सप्रेसने निघालो. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ साली सुरू झालेली ही गाडी. सुरुवातीला तिला पहिला वर्गच नव्हता, सगळे प्रवासी सारखे. दंडवते आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार, त्यामुळे काकांना त्या गाडीचा अगदी घरचा अभिमान. दोन दिवस ते शेजारच्या प्रवाशांना दंडवत्यांबद्दल सांगत होते आणि मी खिडकीतून माती बदलताना बघत होते. हावड्याला उतरले तेव्हा माझ्या पिशवीत आमसुलं, कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाला होता. पोटात गोळा होता तो वेगळाच.

भवानीपूरला एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालकीणबाई राहायच्या. त्यांना माशीमा म्हणायचं, असं ठरलं. बंगालीत 'माशी' म्हणजे मावशी. "उद्यापासून भांड्याला माशी येईल," असं पहिल्या दिवशी कुणी सांगितलं, तेव्हा मी भांडी झाकून ठेवली होती. काका अजून हे लोकांना सांगतात.

पण हसू नंतरचं. मनू, तू आता श्रावणात आहेस. डिसेंबर येऊ दे, मग कळेल. तिथला सूर्य आपल्यापेक्षा पुष्कळ पूर्वेचा. घड्याळ मात्र साऱ्या देशाचं एकच. मालवणात थंडीत सहा वाजता लोक समुद्रावर फिरायला निघतात, आणि तिथे पाचच्या आत दिवेलागण होते. काका यायचे साडेसातला. त्यातून तेव्हा लोडशेडिंग. पाच ते साडेसात मी मेणबत्तीसमोर बसून जिन्यावरच्या पावलांकडे कान लावायची. अडीच तासांत मनात किती साठतं सांगू! आईची आठवण, दूधवाल्याशी न जमलेला हिशेब, न समजलेला शेजारणीचा विनोद, तुझ्या आईचं न आलेलं पत्र. काकांनी दारात चप्पल काढली की हे सगळं एकदम त्यांच्या अंगावर. मराठी बोलायला दुसरं होतं कोण?

एका रात्री ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "मी एकटा अख्खं मालवण कुठून होऊ?"

आवाज चढवला नव्हता. म्हणूनच फार लागलं. दोन दिवस मी बोलले नाही. माझा राग असा, की ज्याच्यासाठी गाव सोडलं तोच असं म्हणतो? तिसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना मला दिसलं, की माणूस खरं तेच बोलला होता. गावी मला आई होती, बहीण होती, विहिरीवरच्या बायका होत्या, मासळीवाली होती. भांडायला एक, हसायला दुसरी, रडायला तिसरी. इथे मी ती सगळी माणसं एकाच्या अंगावर चढवली होती. आणि तोही दमून घरी आला की मित्र, भाऊ, कट्टा सगळं माझ्यातच शोधत होता. तेलाच्या वासावरून जी भांडणं व्हायची त्यात तेल निमित्ताला होतं.

तुमच्याकडेही काही असंच चाललंय का, हे मी विचारत नाही. फक्त आमचं पुढे काय झालं ते लिहिते.

त्याच सकाळी मी पिशवी घेऊन एकटी जदुबाबूंच्या बाजारात गेले. तिथे बाजारहाट हे पुरुषांचं काम. धोतर नेसलेले, चष्मेवाले बाबू माशाच्या पोटावर अंगठा दाबून परीक्षेच्या पेपरासारखी चर्चा करत होते. विकणारेही पुरुषच. आपल्याकडच्या विळीला ते 'बोंटी' म्हणतात. तिची भलीमोठी आवृत्ती पायाखाली दाबून दोन्ही हातांनी मासा तिच्यावर ओढतात. मी उभी राहिले आणि रुईचा कल्ला उचलून लाली पाहिली. ओट्यावरचा माणूस चमकला. "बौदी मासा ओळखते!" बौदी म्हणजे वहिनी. त्या शहरात काकांना सोडून कुणी मला नात्याने हाक मारली, ती ही पहिली.

त्याने विचारलं, 'पेटी' हवी की 'गादा'? पोटाकडचं की पाठीकडचं? सुरमई-बांगड्यात वाढलेल्या मला हा प्रश्नच नवा. आपण खाऱ्या पाण्याची माणसं. गोड्या पाण्यातला मासा मला मातकट लागायचा, आणि मी तो शेंगदाण्याच्या तेलात तळून आणखी मातकट करायची. माशीमांनी खालून वास घेतला आणि जिना चढून वर आल्या. हळद-मीठ लावलेल्या तुकड्यांकडे त्यांनी बघितलं, आणि स्वतःच्या घरातून मोहरीचं तेल आणलं. आधी धूर निघेपर्यंत तापवायचं, मग आच कमी करून जरा निवू द्यायचं, मग मासा सोडायचा. न तापवता वापरलं की ते नाकात जातं. चांगलं तापलं की त्याचा उग्रपणा उतरतो, आणि माशाचा मातकटपणाही त्याच्याबरोबर जातो. ज्या वासाला मी दोन महिने शिव्या देत होते तोच औषध निघाला. तूही करून बघ. नाही आवडलं तर सोड, पण कच्च्या तेलावरून निकाल देऊ नकोस.

मग हळूहळू तिथलं जेवण उलगडत गेलं. आपलं पान नकाशासारखं असतं. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मीठ-लिंबू आपल्या जागी, सगळं एकदम डोळ्यांपुढे. बंगाली जेवण गोष्टीसारखं पुढे सरकतं. आधी कडू, म्हणजे शुक्तो किंवा कडुनिंबाच्या पाल्यासोबत वांगं. मग डाळ आणि भाजी, मग मासा, मग आंबटगोड चटणी, शेवटी दही-मिठाई. "आधी कडू का?" असं मी विचारलं तेव्हा माशीमा म्हणाल्या, "जीभ जागी होते." खसखस आपण चिमटीने घालतो, ते तिची वाटून आमटीएवढी भाजी करतात, बटाटा घालून. माशाचं डोकं मुगाच्या डाळीत टाकतात. आणि आपल्याला जवळचं म्हणजे, त्यांच्याकडेही उकडे तांदूळ खातात. 'शिद्धो चाल' मागायचे. काकांनी पहिल्यांदा तो भात कालवला आणि नुसतेच मान हलवत बसले. सोलकढीला मात्र तिथे पर्याय नाही. कढीपत्ता आणि चांगला नारळ हवा असेल तर लेक मार्केटला जा. तिथे दक्षिणेकडची वस्ती जुनी, त्यामुळे आपल्या स्वयंपाकाचं पुष्कळसं सापडतं.

काकांना कट्टा मिळाला तो गल्लीतल्या एका घराच्या 'रोका'वर. रोक म्हणजे रस्त्याकडेचा ओटा. संध्याकाळी तिथे आड्डा जमायचा. फुटबॉल, राजकारण आणि कुणाच्या पोटात गॅस झाला, या तीन विषयांवर ते तासन् तास बोलायचे. काका आठवड्यातून दोनदा तिथे बसू लागले आणि उशिरा, पण हसत घरी येऊ लागले. मी पाच ते सात माशीमांकडे खाली. पु. ल. देशपांडे पन्नाशीला पोचल्यावर शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकले आणि त्यावर त्यांनी 'वंगचित्रे' लिहिलं. मी तर पंचविशीची होते. माझी शाळा माशीमांच्या स्वयंपाकघरात भरली. तिथे पाणी आणि चहा पीत नाहीत, 'खातात', हे शिकले. राग, भात, डाळ, काका, मामा, दादा हे आपलेच शब्द तिथे आधीपासून वस्तीला आहेत, हेही कळलं.

एकदा त्यांच्या नव्वदीच्या सासूबाईंनी विचारलं, "तू कुठली?" महाराष्ट्रातली म्हटल्यावर त्यांनी डोळे मोठे केले आणि म्हणाल्या, "बर्गी!" मग खोखो हसल्या. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. गावं लुटली, जाळली. सरकारी घोड्यावर बसणाऱ्या आपल्या 'बारगिरा'चा तिथे 'बर्गी' झाला, आणि त्या बर्गीचं भय घालून आया आजही अंगाई म्हणतात. कलकत्त्याने तर त्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. मराठे तिथवर आलेच नाहीत. पुढे खंदक बुजवला आणि त्यावरून रस्ता गेला. बागबाजारात मराठा डिच लेन अजून आहे, जाऊन ये. शाळेत आपण इतिहास एका काठावरून शिकतो. त्या म्हातारीने मला दुसऱ्या काठावर नेऊन बसवलं, आणि हातात संदेश ठेवला.

त्यावरून आम्ही विष्णुपूरला गेलो. तुम्हीही जा, शनिवार-रविवार पुरतो. उतरल्याबरोबर काका खाली वाकले आणि म्हणाले, "अगं, हा जांभा!" तांबडी जमीन, जांभ्याचा चौथरा, आणि त्यावर भाजलेल्या मातीच्या विटांची सतराव्या शतकातली देवळं. भिंतींवर मातीतच कोरलेले रामायण-महाभारत. तिथे दलमादल नावाची प्रचंड तोफ आहे. भास्कर पंडिताचं मराठी सैन्य चालून आलं तेव्हा गावच्या मदनमोहन देवाने स्वतः ती डागून त्यांना पिटाळलं, असं लोक सांगतात. आम्ही दोघं त्या तोफेसमोर उभे राहिलो. वाटाड्याने विचारलं, "आपण कुठले?" काका म्हणाले, "मुंबईकडचे." पुढे मैलभर आम्ही हसत होतो. लग्नानंतर इतकं एकत्र हसल्याचं मला तोवर आठवत नव्हतं.

मोठ्या सहली वर्षातून एखादी. खरी मजा रविवारच्या ट्रामची. मैदानाच्या कडेने एस्प्लनेडपर्यंत जायचं, पुढे बाबूघाटावरून होडीने हुगळी ओलांडायची, मातीच्या भांड्यात चहा घ्यायचा आणि परत. ट्रामचा मागचा डबा दुसऱ्या वर्गाचा, त्यात पंखा नसे. वाचलेल्या पैशांत मुरी, म्हणजे कुरमुरे, घ्यायची. आता ट्राम फार थोडी उरलीय. तेवढी आहे तोवर एकदा बसा. आमच्या दाराजवळचा रस्ता तेव्हा मेट्रोसाठी वर्षानुवर्षं खणलेला. १९७२ ला पायाभरणी झालेली ती गाडी २४ ऑक्टोबर १९८४ ला एस्प्लनेड ते भवानीपूर धावली, देशातली पहिली. आम्ही नुसते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. काहीच काम नव्हतं. २०२४ पासून मेट्रो नदीच्या खालून जाते म्हणतात. काका म्हणतात, होडी बरी, वारा लागतो.

आता थोड्याच दिवसांत पूजा येईल. आपल्याकडे नवरात्रात उपवास, आणि तिथे नवमीला मटण! पहिल्या वर्षी माशीमांनी वाटी पाठवली तेव्हा मी घाबरून देवाकडे तोंड फिरवलं. मग त्यांनी समजावलं की दुर्गा मुलाबाळांना घेऊन चार दिवस माहेरी आलीय. माहेरवाशिणीला उपाशी ठेवतात का? आपली गौर तरी काय, माहेरालाच येते. आणि तिच्या शेजारी बघ, आपला गणपती उभा असतो, आईचं बोट धरून आजोळी आल्यासारखा. चवथीला घरची फार आठवण आली तर हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात जा. पण तिथेच राहू नकोस. बाहेरही पड.

तुझं अवघड आहे, हे मला कळतं. तू न्यू टाउनच्या चौदाव्या मजल्यावर, काम घरातून, भाजी फोनवरून, जेवणही फोनवरून. सगळं दारात येतं, म्हणून तुला कुणी बौदी म्हणत नाही. आठवड्यातून एक दिवस तरी मासा स्वतः जाऊन आण. भाव चुकला तर चुकू दे. आणि जावईबापूंना एखादा रोक शोधायला सांग. ते उशिरा आले तर पहिल्या दोनदा रागावू नकोस. रात्री दोघांनी आपापल्या दिवसातलं एकेक आणून ताटात वाढायचं. दोघंही दिवसभर एकमेकांचीच वाट बघत बसलात, तर रात्री वाढायला काय उरणार?

शेवटी एक. आपण घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. माझी समजूत होती की ही रीत आपलीच. १९८६ ला सामान बांधून जिना उतरले. माशीमा दारात उभ्या होत्या, आणि मला काय बोलावं ते सुचेना. सहा वर्षं शेजारणींकडून ऐकलेला शब्द आपसूक तोंडात आला, "आशी." म्हणजे येते. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "एशो." ये हो.

तेव्हा आता थांबते. नव्हे, येते.

तुझी,
मावशी

ता. क. पार्सलात आमसुलं पाठवतेय, डबा कोरडा ठेव. काका शेजारी बसून वाचतायत. म्हणतात, 'मी एकटा अख्खं मालवण कुठून होऊ' असं आपण म्हणालोच नव्हतो, 'अर्धं मालवण' म्हणालो होतो. चाळीस वर्षांहून जास्त झाली, अजून हिशेब चालू आहे.