चालतंय की

आमच्या भागात कुणाला यंत्राची तब्येत विचारली की ठरलेलं उत्तर येतं, "चालतंय की." मोटार वास मारायला लागली तरी चालतंय, पंप अर्धं पाणी फेकत असला तरी चालतंय. हे बोलणारा माणूस खरं बोलतो की खोटं, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाय. मी दहावीपर्यंत शिकलेला. तत्त्वज्ञानाची पुस्तकं काही माझ्या हाताला लागली नाहीत, पण कुट्टी मशीनची बेअरिंगं लागली. तेव्हा तिथूनच विचार करतो.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. कुट्टी मशीन म्हणजे कडबा, मका, हत्तीगवत बारीक करणारं यंत्र. मोटारीवरून पट्टा येतो, तो शाफ्ट फिरवतो, शाफ्टवर जड चाक आणि चाकाला पाती. हा सगळा भार दोन बेअरिंगांवर. बेअरिंगवर ६२०५ असा आकडा कोरलेला असतो. शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणलं की भोकाचं माप निघतं, २५ मिलीमीटर. हे मला लेथवाल्यानं शिकवलं. पाचाच्या पाढ्याचा असा उपयोग होईल, हे आमच्या गुरुजींनाही वाटलं नसेल.

बेअरिंग एका दिवसात जात नाही. वैरणीचा भुस्सा सील खातो, ग्रीस सुकतं, गोळ्यांवर गंज चढतो. त्यात पट्टा घसरू नये म्हणून आपण तो तारेसारखा ताणतो. बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर त्याचं आयुष्य निम्मं होत नाही, आठवा हिस्सा उरतं. शेवटी आतली कडी शाफ्टला धरून फिरायची सोडून शाफ्टवरच घसरायला लागते आणि लोखंड खाते. केसाच्या जाडीएवढं खाल्लं तरी पुरे. नवं बेअरिंग आणलं आणि ते बोटानं ढकलल्यावर सरकलं, की समजायचं शाफ्ट गेला.

आता दोन वाटा. एक म्हणजे शाफ्टवर वेल्डिंगनं धातू भरायचा, लेथवर मापात उतरवायचा, बेअरिंग तेलात गरम करून बसवायचं आणि बसवताना जोर आतल्या कडीवरच द्यायचा. बाहेरच्या कडीवर हातोडा मारला तर तो मार गोळ्यांतून जातो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी जखमी होतं. दुसरी वाट म्हणजे शाफ्टवर पंचनं गोल ठोके मारायचे. ठोक्याच्या कडेला लोखंड फुगतं, त्या फुगवट्यावर बेअरिंग घट्ट बसतं. दहा मिनिटांचं काम. रंग मारल्यावर, ग्रीस भरल्यावर दोन्ही मशीनं बाहेरून सारखीच दिसतात. आवाजही काही दिवस सारखाच. फुगवटे झिजले की मात्र परत तेच.

ठोके मारणं म्हणजे फसवणूक, असं मी म्हणणार नाही. ऐन पावसाळ्यात लेथवाल्याकडं आठ दिवसांची रांग असते आणि गोठ्यातली म्हैस काही आठ दिवस थांबत नाही. ज्याच्या खिशात बेअरिंगपुरतेच पैसे आहेत त्याला शाफ्ट करायला सांगणं हे उपाशी माणसाला बदाम खा म्हटल्यासारखं आहे. अडचण दुसरीच आहे. चालतंय म्हणणारा एक असतो आणि मशीनपुढं उभं राहणारा दुसरा. बहुतेक घरांत ती दुसरी असते. शाफ्ट हलला की पातं आणि तोंडापाशी असलेली पट्टी यांतली फट वाढते. वैरण कापली जायची सोडून दबते, रुळांत तुंबते. मग बाई हातानं पुढं रेटते. हात जातो तो असा, ठोक्यांमुळं थेट नाही. असल्या धोक्याच्या यंत्रांसाठी १९८३ साली देशात कायदा झालाय, मळणीयंत्रं त्यात येतात. पण कायद्याला खोलीतला शाफ्ट दिसत नाही. तो ज्यानं बसवला त्यालाच माहीत.

विकताना तर हे आणखी अवघड होतं. बैलाच्या बाजारात दात मोजता येतात, चालवून बघता येतं, रुमालाखाली भाव होण्याआधी घेणारा शेपटापर्यंत हात फिरवतो. मशीनला दात नाहीत. जाड ग्रीस कोंबलं की खुळखुळ दबते. फार तर लांब पेचकस बेअरिंगच्या घराला लावून दुसरं टोक कानाशी धरणारा एखादा असतो. बाकीचे रंग बघतात. विकणारा म्हणतो, त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मला हे पटत नाही. ज्याला काय विचारायचं हेच माहीत नाही, त्याच्या गप्प बसण्याला संमती कशी म्हणायची?

आमच्या मिस्त्रीची एक रीत आहे. ठोके मारले की तो पट्ट्याच्या जाळीच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं लिहितो. गल्लीतल्या एका विधवा मावशीच्या मशीनवर त्यानं लिहिलं होतं, 'डावीकडं ठोके. दिवाळीला शाफ्ट करणे.' दिवाळीला पैसे झाले नाहीत. पुढं म्हशी विकल्या, मागोमाग मशीनही. घेणाऱ्यानं जाळी काढून बघितली, वाचलं आणि दीड हजार कमी केले.

"तुझ्या रंगानं माझे दीड हजार घालवले रे," मावशी त्याला म्हणाली. चिडून नाही, हिशेब सांगावा तसं. मी तिथंच बसलो होतो. दीड हजार तिला किती असतात हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मिस्त्री ब्रश रॉकेलमध्ये बुडवत राहिला. मलाही तिला सांगण्यासारखं काही सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

घेणाऱ्यानं त्या पैशांत शाफ्ट करून घेतला. मशीन आता पलीकडच्या वस्तीवर आहे. तिथं वैरण घालायला त्याची सून असते.