बीजनिधी: दान की ऋण?

नव्या प्राध्यापकाला किंवा अद्याप न पडताळलेल्या प्रश्नाला विद्यापीठ सुरुवातीसाठी जी छोटी रक्कम देते तिला बीजनिधी म्हणतात. मोठे अनुदान मागण्याइतका प्राथमिक पुरावा हाती येईपर्यंत काम चालावे, एवढाच तिचा उद्देश असतो. पवईच्या आयआयटीतही नव्याने रुजू झालेल्या अध्यापकांना असा निधी मिळतो. तो पाणी, आरोग्य, निवारा अशा विकासाच्या प्रश्नांवर खर्च होऊ लागला, की हिशेबाच्या वहीत न मावणारा एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे हे देणे नैतिक दृष्ट्या कोणत्या जातीचे आहे.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायानुसार, परतफेड न करू शकणाऱ्याला, देश, काळ आणि पात्र पाहून, केवळ कर्तव्य म्हणून दिलेले दान सात्त्विक. फेड किंवा फळ मनात धरून दिलेले राजस. आणि अवेळी, अपात्राला, अवमानपूर्वक दिलेले तामस. या कसोटीवर बीजनिधी उघडच राजस ठरतो, कारण देणाऱ्याला शोधनिबंध, पेटंट आणि पुढचे मोठे प्रकल्प हवे असतात. तेवढ्यावरून त्याला हिणवणे उथळपणाचे होईल. खरी अडचण आहे ती पात्राची.

सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून 1936 मध्ये सुरू झालेली समाजकार्याची शाळा, म्हणजेच आजची टाटा समाजविज्ञान संस्था, 1954 मध्ये देवनारला आली. तिच्या शेजारी गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्या असलेला एम-पूर्व विभाग पसरलेला आहे, जो 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात सर्वांत तळाशी होता. अशा वस्तीतली एखादी बाई कामाचा वेळ मोडून, घरातले आजार आणि कर्ज अनोळखी प्रश्नकर्त्यासमोर उघडे करते, तेव्हा अनुदानाच्या कागदावर ती केवळ लाभार्थी असते. वस्तुतः त्या व्यवहारात पहिले देणे तिचेच असते. निधी सरकारी असेल, तर काडेपेटीवरही कर भरणारी ती त्याची दात्रीही असते. मग दाता कोण आणि पात्र कोण, हे दानाच्या भाषेत सांगता येत नाही.

त्यापेक्षा ऋणाची जुनी कल्पना अधिक उपयोगी पडते. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण ऋषी, देव आणि पितर यांचे ऋण घेऊन जन्मतो असे म्हटले आहे. शतपथ ब्राह्मणाने त्यात मनुष्यांचे चौथे ऋण घातले, जे इतरांना आश्रय आणि अन्न देऊन फिटते. अध्ययनाने ऋषिऋण फेडणाऱ्या संशोधकावर, अध्ययनाचा विषय माणसे असतील तर, हे चौथे ऋणही चढते. दान दात्याच्या मर्जीवर थांबू शकते: टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानाअभावी याच संस्थेने जून 2024 मध्ये शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा दिल्या आणि निधीचे आश्वासन मिळताच काही दिवसांत त्या मागे घेतल्या. ऋणाला अशी मर्जी नसते.

यावर आक्षेप असा, की ऋण म्हटले की फेड निश्चित हवी, आणि बीजनिधी तर मुद्दाम अनिश्चित प्रश्नांसाठीच असतो. परंतु चौथे ऋण फिटते ते आतिथ्याने, म्हणजे कृतीने. यशाची हमी त्यात कुठेच मागितलेली नाही. पाणी शुद्ध करण्याची युक्ती फसली तरी ती का फसली हे वस्तीत जाऊन, वस्तीच्या भाषेत सांगणे शक्य असते, आणि आजच्या मूल्यमापनात नेमक्या याच कामाला गुण नसतात.

दुसरा आक्षेप मर्यादेचा आहे: पवईने जगाचे प्रश्न का अंगावर घ्यावेत? 1958 मध्ये ही आयआयटी युनेस्कोच्या मार्फत आलेल्या सोव्हिएत यंत्रसामग्रीच्या आणि तज्ज्ञांच्या मदतीने उभी राहिली; त्या मदतीमागे शीतयुद्धाचे राजकारण होते म्हणून तिचे ऋण पुसले जात नाही, आणि ज्या देशाने ती दिली तो देशच आज त्या रूपात उरलेला नसल्यामुळे ते फेडायचे तर तिसऱ्याच कोणाकडे फेडावे लागेल.