विकणाराचें मौन

अहिल्यानगरांत लांबच्या प्रवासासाठीं जुनी बुलेट घ्यावयास निघालेल्या गृहस्थाच्या डोळ्यांपुढें भंडारदऱ्याचा रस्ता असतो. तिचा दोष विकणारासच ठाऊक. त्यानें तो आपण होऊन सांगावा काय? १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमांत घोड्याचें उदाहरण आहे: लिलावांत सदोष घोडा विकणारा गप्प राहिला, तर तें कपट नव्हे. मात्र घेणारी त्याची नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर सांगणें त्याचें कर्तव्य ठरतें! म्हणजे परक्याच्या मुलीला फसण्यास मोकळीक. आम्हांस हें पटत नाहीं. घोडा निदान लंगडतांना दिसतो. सांगाड्याची रंगाखालीं दडविलेली चीर घाटांत भार पडल्यावरच कळते, आणि तेव्हां मागें बसलेलें मूल तर या सौद्यांत पक्षकारहि नसतें.