श्रवणाचे प्रामाण्य आणि प्लेअरची निवड

सीडी, एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ अशा निरनिराळ्या प्रकारच्या तबकड्या सारख्याच गोडव्याने वाजवणारा उंची प्लेअर कोणता, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीचा आणि यंत्रशास्त्राचा वाटतो. परंतु लाखाच्या घरातली रक्कम खर्च करायला निघालेला श्रोता दोन प्लेअर आळीपाळीने ऐकून ‘हा अधिक चांगला वाजतो’ असे म्हणतो, तेव्हा त्या एका वाक्यात भारतीय दर्शनांनी शतकानुशतके चर्चिलेले दोन वाद एकत्र आलेले असतात. एक वाद ध्वनीच्या स्वरूपाचा आहे: तबकडीत संगीत आधीपासून असते आणि प्लेअर ते केवळ प्रकट करतो, की प्लेअर ते दर वेळी नव्याने निर्माण करतो? दुसरा वाद प्रामाण्याचा, म्हणजे ज्ञानाच्या खरेपणाचा आहे: कानाने दिलेला निर्णय स्वतःच्या बळावर खरा मानायचा, की त्याला बाहेरची साक्ष लागते? या दोन्ही वादांची उत्तरे काय दिली जातात यावर कोणता प्लेअर निवडला जाईल हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

आधी वस्तू पाहणे आवश्यक आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांच्या, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर नोंदलेले असते. १९९९ मध्ये आलेल्या एसएसीडीची रीत अगदी वेगळी आहे. तिच्यात मोजपट्टी केवळ एका बिटाची असते, पण नोंदी सेकंदाला २८,२२,४०० होतात, म्हणजे सीडीच्या बरोबर ६४ पट. पाठोपाठ आलेल्या डीव्हीडी-ऑडिओने सीडीचीच रीत पुढे नेऊन ती २४ बिट आणि सेकंदाला १,९२,००० नोंदी इथपर्यंत ताणली. यांपैकी एसएसीडीची संकर, म्हणजे सीडीचाही थर असलेली, तबकडी विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. सव्वा मिलिमीटरही जाडी नसलेल्या त्या पारदर्शक चकतीत दोन थर असतात. अर्ध्या खोलीवर, सुमारे ०.६ मिलिमीटरवर, एसएसीडीचा दाट थर असतो, तर तळाशी, १.२ मिलिमीटरवर, सीडीचा थर असतो. वरचा थर असा घडवलेला असतो की ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेझर त्यावरून परततो आणि ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा लेझर त्यातून आरपार जाऊन तळाच्या थरापर्यंत पोचतो. साध्या सीडी प्लेअरला त्या वरच्या थराचे अस्तित्वही जाणवत नाही. गायिका एक, बंदिश एक आणि चकतीही एकच असूनही कोणत्या प्रकाशाने पाहिले यावर कोणते लेखन वाचले जाईल हे ठरते.

अशा तबकडीत गाणे एक आहे की दोन? मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे. कंठातून किंवा वाद्यातून निघणारा ध्वनी त्याला उत्पन्न करत नाही, त्याची केवळ अभिव्यक्ती करतो, जसा दिवा अंधारातल्या घागरीला घडवत नाही, फक्त दाखवतो. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण असून तो उत्पन्न होतो, पाण्यावरच्या लाटेमागून लाट उठावी तसा वीचीतरंगन्यायाने कानापर्यंत पोचतो आणि नाश पावतो. पुढच्या क्षणी ऐकू येतो तो त्याच जातीचा, पण दुसरा शब्द असतो. मीमांसकांनी हा सिद्धान्त वेदातील वर्णांसाठी मांडला होता, गायनासाठी नव्हे. येथे त्याचा विस्तार केला आहे तो जाणीवपूर्वक, कारण ध्वनिमुद्रणाने जो पेच उभा केला तो या दोन मतांच्या नेमका मधोमध येतो.

त्या पेचाचे सर्वांत टोकाचे उदाहरण गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांच्या भैरवीचे आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली जी तांब्याची तबकडी पाठवली गेली, तिच्यावर ही भैरवी कोरलेली आहे. सोबत सुई ठेवलेली आहे आणि ती कशी वापरावी याच्या आकृत्या आवरणावर कोरलेल्या आहेत. जोवर ती सुई कुणी त्या खाचेवर ठेवत नाही, तोवर तेथे भैरवी आहे असे म्हणायचे काय? मीमांसक म्हणेल, आहे, पण अव्यक्त आहे. नैयायिक म्हणेल, तेथे केवळ खाच आहे, म्हणजे कारण आहे, कार्य नाही. प्लेअर विकत घेणारे बहुतेक लोक नकळत मीमांसक असतात. ‘तबकडीत जे आहे ते जसेच्या तसे बाहेर यावे’ ही त्यांची अपेक्षा अभिव्यक्तिवादाची आहे आणि ‘पारदर्शक’ हे या शौकिनांचे आवडते विशेषणही त्याच वृत्तीतून आले आहे.

यंत्राच्या आत मात्र न्यायमताला बळ मिळते. आजच्या बहुसंख्य डॅकमध्ये, म्हणजे अंकांचे विद्युत्‌लहरीत रूपांतर करणाऱ्या चिपमध्ये, सीडीवरचे १६ बिटांचे अंक आधी अतिशय वेगवान पण थोड्या बिटांच्या प्रवाहात बदलले जातात. दुसरीकडे सर्व प्रकारच्या तबकड्या वाजवणाऱ्या अनेक प्लेअरमध्ये खर्जाची विभागणी किंवा स्पीकरच्या अंतराची दुरुस्ती चालू केली की एसएसीडीचा एकबिटी प्रवाह अनेकबिटी अंकांत बदलला जातो. म्हणजे सीडी अंशतः एसएसीडीसारखी होते आणि एसएसीडी अंशतः सीडीसारखी. जी शुद्धता आवरणावर छापलेली असते ती स्पीकरपर्यंत पोचेपर्यंत एक-दोन रूपांतरांतून गेलेली असते. त्यात भर म्हणजे नकलेच्या भीतीने एसएसीडीचा मूळ प्रवाह जुन्या डिजिटल वायरींतून बाहेर काढण्यास बंदी होती, त्यामुळे सीडीसाठी उत्तम बाहेरचा डॅक जोडता आला तरी एसएसीडीसाठी बहुधा प्लेअरच्या पोटातल्या डॅकवरच विसंबावे लागते. एकच यंत्र सर्व प्रकारांत सारखे का वाजत नाही, याचे एक साधे कारण हेही आहे.

या जागी वैयाकरण भर्तृहरीचे मत अधिक उपयोगी पडते. वाक्यपदीयात त्याने ध्वनीचे दोन भेद केले आहेत. ज्याच्यामुळे शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ असे मूळ रूप हाती लागते तो प्राकृत ध्वनी आणि नंतर द्रुत, मध्यम किंवा विलंबित गतीने जो रेंगाळत राहतो तो वैकृत ध्वनी. वैकृत ध्वनी बदलला तरी शब्द बदलत नाही. प्लेअरच्या परीक्षेत हाच विवेक लागतो. स्वरस्थान, लय, दोन स्वरांमधली निःशब्दता आणि मंद्रातला श्वास ही प्राकृताची बाजू आहे, आणि कोणत्याही धडपणे बनवलेल्या प्लेअरमध्ये ती शाबूत असते. किंचित उबदारपणा, किंचित धार, आवाज पुढे आल्याचा भास ही वैकृताची बाजू आहे, आणि उंची प्लेअरच्या किमतीतला बराच मोठा भाग तिच्यासाठीच मोजला जातो.

प्रामाण्याच्या प्रश्नात मुख्य अडचण अशी आहे की ‘छान ऐकू येते’ हे प्रत्यक्ष ज्ञान आहे, पण ‘या प्लेअरमुळे छान ऐकू येते’ हे अनुमान आहे, आणि श्रोता दुसऱ्याला पहिल्याचा मान देऊन बसतो. पहिल्यावर कुणालाही वाद घालता येत नाही. दुसऱ्यासाठी मात्र व्याप्ती लागते, म्हणजे हेतू आणि साध्य यांचे न चुकणारे साहचर्य लागते, आणि व्याप्तीला बिघडवणारा जो दोष नैयायिकांनी सूक्ष्मपणे दाखवला त्याचे नाव उपाधी. जेथे अग्नी तेथे धूर, हे अनुमान फसते, कारण धूर केवळ अग्नीने येत नाही, ओल्या सरपणाने येतो. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ओले सरपण ही तेथली उपाधी आहे. ‘जेथे एसएसीडी तेथे माधुर्य’ या अनुमानातले ओले सरपण म्हणजे मास्टरिंग, अर्थात मुद्रित आवाजाला तबकडीवर जाण्यापूर्वी दिलेले अखेरचे रूप. शौकिनांसाठी निघालेली तबकडी अधिक निगुतीने तयार केली जाते, तर सामान्य बाजाराची सीडी पुष्कळदा मोठ्या आवाजाच्या हव्यासापायी दाबून सपाट केलेली असते. अशा दोन तबकड्या ऐकून जो फरक जाणवतो तो खरा असतो, पण तो प्रकाराचा नसतो.

ही उपाधी वेगळी काढण्याचा एक प्रयत्न बोस्टनमध्ये झाला. मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उच्च दर्जाच्या तबकडीचा आवाज एकदा सरळ आणि एकदा सीडीच्या १६ बिट व ४४,१०० नोंदींच्या चिमट्यातून काढून श्रोत्यांना ऐकवला; कोणता कोणता हे त्यांना सांगितले नाही. ५५४ चाचण्यांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून मिळाली असती तितकीच. तरीही या तबकड्या सामान्य सीडींपेक्षा बहुधा चांगल्या वाजतात हे त्याच संशोधकांनी मान्य केले आणि त्याचे श्रेय त्यांनी मुद्रण व मास्टरिंगमधल्या काळजीला दिले. पुढे, वापरलेल्या तबकड्यांचे मूळ मुद्रणच उच्च दर्जाचे होते काय, असा आक्षेप घेतला गेला, म्हणजे उपाधी शोधणाऱ्या प्रयोगातही उपाधीची शंका निघाली. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांची, एकूण साडेबारा हजारांहून अधिक चाचण्यांची, एकत्र मोजणी केली तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. सराव दिलेल्या श्रोत्यांत ते त्याहून जास्त होते. फरक आहे, पण तो इतका बारीक आहे की त्याच्या जोरावर लाखांचा खर्च ठरवणे न्याय्य नव्हे.

मग कानावर विश्वास ठेवायचाच नाही काय? येथे मीमांसक कुमारिल भट्टांचे स्वतःप्रामाण्य आठवले पाहिजे. त्यांच्या मते प्रत्येक ज्ञान मुळात प्रमाणच असते. त्याचे अप्रामाण्य दोनच मार्गांनी ठरते, एक तर पुढच्या ज्ञानाने त्याचा बाध झाला तर, किंवा ते ज्या साधनाने झाले त्यात दोष सापडला तर. काविळीने ग्रस्त माणसाला पांढरा शंख पिवळा दिसतो, तेथे दोष शंखात नसून डोळ्यात असतो. ऐकण्यातली कावीळ म्हणजे आवाजाची पातळी. सीडी प्लेअरचे निर्गम सामान्यतः २ व्होल्टचे असते. दुसरा प्लेअर २.३ व्होल्ट देत असला तर तो सुमारे १.२ डेसिबलने मोठा वाजतो, आणि इतका फरक पुष्कळदा ‘मोठा’ म्हणून ऐकू येत नाही, तर ‘अधिक भरीव’, ‘अधिक जिवंत’ म्हणून ऐकू येतो. पातळी ०.१ ते ०.२ डेसिबलच्या आत जुळवल्याशिवाय केलेली तुलना म्हणूनच निरुपयोगी आहे. किंमत ठाऊक असणे आणि दोन श्रवणांत बरीच मिनिटे जाणे हेही असेच साधनदोष आहेत, कारण नादाच्या बारीक छटांची स्मृती काही सेकंदांतच पुसट होते.

दोष दूर केल्यावर काय ऐकावे, याला भारतीय श्रोत्याजवळ तंबोऱ्याइतके चांगले उत्तर दुसरे नाही. मिरजेचा तंबोरा लावताना तारेखाली, घोडीच्या किंचित गोलसर पाठीवर, सुताचा धागा पुढेमागे सरकवतात. एका विशिष्ट जागी तार घोडीला अशी निसटती घासते की एका आघातातून उपस्वरांची रांग हळूहळू उलगडत जाते. यालाच जवारी खुलणे म्हणतात. प्लेअर ऐकताना खर्जाची तार छेडल्यानंतरचे पाच-सहा सेकंद तेवढे ऐकावेत: वरचे उपस्वर एकामागून एक सुटे होत जातात, की एकाच झिरमिळीत मिसळतात, आणि पुढच्या तारेचा आघात आला तरी आधीच्या तारेचा शेवट त्याखाली टिकून राहतो की पुसला जातो. दोन थरांची तबकडी हाती असेल तर हेच दोन्ही थरांवर करावे, मात्र दोन्ही थरांचे मास्टरिंग एकच आहे याची आधी खात्री करून घ्यावी.

कुमारिलांचे आणखी एक सांगणे या व्यवहारात फार मोलाचे आहे. ज्ञानाची परीक्षा दुसऱ्या ज्ञानाने, त्याची तिसऱ्याने अशी अनंत लांबवण्याचे कारण नाही. तीन-चार ज्ञानांपलीकडे जाण्याची गरज पडत नाही, असे त्यांनी म्हटले आहे. प्लेअरच्या बाबतीत पहिले श्रवण मोकळे असावे, दुसरे पातळी जुळवून, तिसरे कोणता प्लेअर वाजतो आहे हे न कळता, आणि चौथे घरी, स्वतःच्या खोलीत. या चारांत जो निर्णय बाधित झाला नाही तो प्रमाण मानावा. मराठी घरांतल्या संग्रहाचा विचार केला तर त्यात बहुसंख्य सीडीच असतात, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांचे आवाज तर ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवरून सीडीवर उतरवलेले असतात, ज्यांना १६ बिट पुरून उरतात. म्हणून निवड सीडीवर करावी, एसएसीडी ही त्यानंतरची कसोटी समजावी, आणि लेझर झिजल्यास त्याचा सुटा भाग पुढील दहा वर्षे मिळेल की नाही हे दुकानात स्पष्ट विचारून घ्यावे. कारण सर्व प्रकार वाजवण्यासाठी नावाजलेल्या ओप्पो कंपनीनेही नवे प्लेअर आणणे २०१८ मध्ये थांबवले.