माहीत होते, जाहीर नव्हते

राजकीय पुढाऱ्याचे विवाहबाह्य संबंध उघडकीस आले की त्याच्यावर होणारा पहिला आरोप दांभिकतेचा असतो, आणि हा आरोप इतका सवयीचा झाला आहे की तो नेमका कोणाला लागू पडतो याची छाननी सहसा होत नाही. काटेकोरपणे पाहिल्यास दांभिकता म्हणजे जे मूल्य मनातून मानत नाही ते मानत असल्याचा देखावा स्वतःच्या लाभासाठी करणे. मूल्य मानूनही ते पाळता न येणे हा दुबळेपणा झाला, आणि केलेले नाकारणे हे असत्य झाले. हे तिन्ही दोष एकाच माणसात नांदू शकतात, पण ते एक नव्हेत. हा फरक ध्यानात ठेवून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश राजकारण ढवळून काढणाऱ्या पार्नेल प्रकरणाकडे पाहिले, तर दांभिकतेचा आरोप ज्याला सर्वांत कमी लागू पडतो त्यालाच त्याची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागली, असे दिसते.

चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल हे आयर्लंडच्या ‘होमरूल’ चळवळीचे नेते होते. होमरूल म्हणजे साम्राज्यात राहूनच अंतर्गत कारभारापुरती स्वतःची संसद. टिळक आणि ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये आपापल्या लीगसाठी हे नाव घेतले ते याच चळवळीवरून. स्वतः प्रॉटेस्टंट जमीनदार असूनही कॅथलिक कुळांचा विश्वास मिळवलेल्या पार्नेल यांच्यामागे १८८५च्या निवडणुकीनंतर ८६ खासदार होते, आणि त्या बळामुळेच लिबरल पक्षाचे नेते ग्लॅडस्टन यांना होमरूलचा प्रश्न हाती घेणे भाग पडले. १८८७ मध्ये ‘द टाइम्स’ने राजकीय खुनाला संमती दर्शवणारे एक पत्र पार्नेल यांच्या नावावर छापले होते, ते रिचर्ड पिगॉट याने बनवलेले खोटे पत्र असल्याचे १८८९च्या फेब्रुवारीत उघड झाले, तेव्हा कॉमन्स सभागृहात लिबरल सदस्यांनी उभे राहून पार्नेल यांचे स्वागत केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॅप्टन विल्यम ओशे यांनी पत्नी कॅथरिन यांच्याविरुद्ध व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोटाचा दावा दाखल केला आणि त्यात पार्नेल यांना सहप्रतिवादी केले.

हे संबंध १८८०पासूनचे होते, आणि ते गुपित होते असे म्हणणे फार धाडसाचे ठरेल. १८८२च्या मे महिन्यात गृहमंत्री हारकोर्ट यांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीतच, सरकारने पार्नेल यांच्याशी ज्यांच्यामार्फत समझोता केला ते ओशे हे पार्नेल यांच्या प्रेयसीचे पती आहेत, असे सांगून टाकले होते. हा तपशील ज्यांच्या टिपणांमुळे आज ठाऊक आहे ते चार्ल्स डिल्क स्वतःच १८८६ मध्ये दुसऱ्याच्या घटस्फोटाच्या खटल्यात सापडून राजकारणातून जवळजवळ उठले, हा इतिहासाने केलेला थोडासा खोडसाळपणाच म्हणावा लागेल. ग्लॅडस्टन यांच्यापर्यंत पार्नेल यांची मते पोहोचत होती ती कॅथरिन यांच्याच पत्रांतून आणि भेटींतून. १८८६च्या मे महिन्यात एल्थम या लंडनच्या उपनगराजवळ पार्नेल यांची घोडागाडी एका भाजीवाल्याच्या गाडीला धडकली, आणि हे महाशय रात्री कोणत्या घरी परतत होते याची सूचक बातमी ‘पॉल मॉल गॅझेट’ने छापली. त्याच वर्षी पार्नेल यांनी स्वपक्षीयांचा विरोध मोडून गॉलवेची जागा ओशे यांना दिली होती, तेव्हा या मेहेरबानीचे कारण काय असावे हे आयरिश खासदारांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. लोक हे सर्व जाणत होते. फक्त आपण जाणतो हे एकमेकांसमोर कबूल करण्याचा प्रसंग कोणावर आला नव्हता. घटस्फोटाच्या न्यायालयाने तो आणला.

न्यायालयात सत्य बाहेर आले अशी तेव्हाची समजूत होती, पण तीही फार खरी नव्हती. १८५७च्या ब्रिटिश घटस्फोट कायद्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते, तर पत्नीला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता किंवा परित्याग यांसारखा आणखी एक अपराध दाखवावा लागे. म्हणजे नीतीची दोन मापे समाजाने नुसती बाळगलेली नव्हती, संसदेने ती विधिवत मंजूर केलेली होती. शिवाय पतीची मूकसंमती सिद्ध झाली तर घटस्फोट नाकारला जाई. ओशे यांना सर्व ठाऊक असूनही ते वर्षानुवर्षे गप्प राहिले, कारण कॅथरिन यांच्या वृद्ध, श्रीमंत मावशीची मालमत्ता पत्नीकडे यायची होती. १८८९ मध्ये ती वारल्यानंतरच, आणि मृत्युपत्रावरून तंटा सुरू झाल्यावर, दावा उभा राहिला. हे न्यायालयापुढे मांडले असते तर पार्नेल यांची अब्रू काही अंशी वाचली असती, पण कॅथरिन ओशे यांच्या पत्नी राहिल्या असत्या. दोघांना लग्न करायचे होते, म्हणून पार्नेल यांनी बचावच केला नाही, आणि कॅप्टन ओशे हे फसवले गेलेले भोळे पती असल्याचे चित्र कोणी न खोडल्यामुळे कायम झाले. मालक अचानक घरी आले की पार्नेल आगीच्या शिडीवरून निसटत, ही मोलकरणीची साक्ष तर उलटतपासणीविनाच नोंदली गेली आणि पुढे कित्येक महिने टवाळीला पुरली. १७ नोव्हेंबर १८९० रोजी निकाल लागला. कायद्याला एक पक्ष निष्पाप हवा होता. तो त्याला पुरवण्यात आला.

निकालानंतरची पहिली लाट आयर्लंडमधून आली नाही, ही गोष्ट विशेष आहे. ती आली इंग्लंडमधील ‘नॉनकन्फॉर्मिस्ट’ मंडळींकडून, म्हणजे अधिकृत चर्चबाहेरच्या मेथडिस्ट, बाप्टिस्ट इत्यादी पंथांकडून, जे लिबरल पक्षाच्या मतांचा कणा होते. मेथडिस्ट धर्मोपदेशक ह्यू प्राइस ह्यूज आणि पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड यांनी पार्नेल यांच्या राजीनाम्याची मागणी लावून धरली, शेफील्ड येथील पक्षाच्या अधिवेशनात कार्यकर्त्यांची नाराजी स्पष्ट झाली, आणि आपण कोणाच्या खासगी वर्तनाचे न्यायाधीश नाही अशी सुरुवातीची भूमिका असलेल्या ग्लॅडस्टन यांनी पार्नेल नेतेपदी राहिल्यास आपले स्वतःचे नेतृत्व निरर्थक होईल अशा आशयाचे पत्र लिहून ते प्रसिद्ध केले. त्या पत्रात नीतीचा निवाडा नव्हता, केवळ मतांचा हिशेब होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संसदेच्या समिती कक्ष क्रमांक १५ मध्ये आयरिश पक्ष फुटला आणि बहुसंख्य सदस्य जस्टिन मॅकार्थी यांच्यामागे बाहेर पडले. निकालानंतर दोन आठवडे मौन पाळलेल्या कॅथलिक बिशपांनी याच सुमारास निषेधाचे निवेदन काढले. इंग्रज प्रॉटेस्टंटांपेक्षा आपण नीतीच्या बाबतीत शिथिल दिसावे हे त्यांना परवडणारे नव्हते.

यात दांभिक कोण? ह्यूज यांना दांभिक म्हणणे अवघड आहे: होमरूलचे समर्थक असूनही त्यांनी आपल्याच पक्षाचे नुकसान ओढवून घेतले, आणि ज्या नीतीची किंमत मोजावी लागते ती निदान नाटकी नसते. स्वतः पार्नेल यांनी वैवाहिक पावित्र्यावर प्रवचने दिली नव्हती, कौटुंबिक सद्गुणांच्या नावावर मते मागितली नव्हती. त्यांचा खरा अपराध दुसराच होता. सहकारी मायकेल डेव्हिट यांना त्यांनी आपण या खटल्यातून निष्कलंक बाहेर पडू असा विश्वास दिला होता, त्यावर विसंबून डेव्हिट यांनी त्यांची बाजू घेतली होती आणि निकालानंतर त्यांनीच प्रथम उघडपणे राजीनामा मागितला. ही फसवणूक होती, तिचा संबंध राजकीय विश्वासाशी होता, आणि त्या वेळच्या गदारोळात तिची चर्चा शय्यागृहाच्या चर्चेपुढे अगदीच क्षीण झाली. दुसरीकडे होमरूलचे कट्टर विरोधक लॉर्ड हार्टिंग्टन यांचे मँचेस्टरच्या डचेसशी असलेले संबंध लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळात अनेक वर्षे सर्वज्ञात होते. १८९२ मध्ये ती विधवा असताना त्यांनी रीतसर लग्नही केले आणि त्यांच्या सार्वजनिक प्रतिष्ठेला ओरखडा उठला नाही, कारण तिथे न्यायालयात जाणारा पती नव्हता.

राज्यशास्त्रज्ञ ज्युडिथ श्क्लार यांनी १९८४ मध्ये असे मांडले की उदारमतवादी समाजात क्रौर्य हा दुर्गुणांमध्ये पहिला मानला पाहिजे, आणि दांभिकता उघडी पाडण्याचा हव्यास स्वतःच क्रौर्याला वाट करून देतो, कारण प्रत्येक पक्ष दुसऱ्याचा बुरखा फाडण्यात गुंततो आणि कोणत्या मूल्यासाठी हे चालले आहे हा प्रश्न मागे पडतो. या मताला एक पुरवणी जोडावीशी वाटते: जनतेचा मापदंड मूल्यापेक्षा आपपरभावाने अधिक सरकतो. पीआरआरआय या अमेरिकी संस्थेच्या सर्वेक्षणात, खासगी जीवनात अनैतिक वागलेला पुढारी सार्वजनिक कर्तव्य नीतीने पार पाडू शकतो असे २०११ मध्ये ३० टक्के गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांना वाटत होते. डोनाल्ड ट्रम्प उमेदवार असताना, २०१६ मध्ये, तसे म्हणणारे ७२ टक्के झाले. मध्यंतरी धर्मग्रंथ बदललेला नव्हता. या तुलनेत १८९०चे नॉनकन्फॉर्मिस्ट बरे म्हणायचे की फक्त अधिक निष्ठुर, यावर मतभेद होऊ शकतो. परंतु आपल्या बाजूच्या माणसाला त्यांनी दुसरे माप लावले नाही, एवढे मान्य करावे लागते.

आयर्लंडची प्रतिक्रिया सर्वांत कडवट होती, कारण तिथे नीतीचा वाद आणि स्वातंत्र्याचा वाद एकमेकांत गुंतले. किल्केनीच्या पोटनिवडणुकीत पार्नेल यांच्या डोळ्यांत चुन्याची पूड फेकली गेली, आणि १८९१ मध्ये त्यांच्या हयातीत झालेल्या पुढच्या दोन्ही पोटनिवडणुकांतही त्यांचे उमेदवार पडले. जूनमध्ये त्यांनी कॅथरिन यांच्याशी विवाह केला आणि ऑक्टोबरच्या ६ तारखेला, वयाच्या ४५व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर ज्या डब्लिनने त्यांच्या अंत्ययात्रेला अलोट गर्दी केली तिथे पार्नेलवादी आणि पार्नेलविरोधक यांची भांडणे एक पिढीभर घराघरांत चालू राहिली.

या सर्व वादात कॅथरिन यांचे मत कोणी विचारले नाही. अल्पवयीन मुलांचा ताबा न्यायालयाने ओशे यांना दिला, त्यात पार्नेल यांच्यापासून झालेल्या दोन मुलीही होत्या, कारण कायद्याच्या दृष्टीने विवाहात जन्मलेले मूल पतीचेच होते. १९१४ मध्ये त्यांनी पार्नेल यांची पत्रे छापून आपली हकिकत प्रसिद्ध केली, तोवर ओशे यांना मरून नऊ वर्षे झाली होती आणि होमरूलचे विधेयक तिसऱ्यांदा संसदेपुढे होते.