सोपवणे आणि सोडणे

‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना प्रथम भेटला तो भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात. विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह आणि संमोहातून स्मृतिभ्रंश अशी ती उतरण आहे. आणि ती उतरणारा मनुष्य आपल्या अधःपाताला स्वतःच कारण होतो, असा तेथील आशय. आज वैद्यकशास्त्र हाच शब्द एका व्याधीसाठी वापरते. या व्याधीत रुग्णाचा अपराध काहीच नसतो. मेंदूतील पेशी हळूहळू निकामी होत जातात. मनुष्य आधी ताजे विसरतो, मग जुने. पुढे मुलांची नावे विसरतो आणि अखेरीस घास गिळण्याची क्रियाही. तरीही शब्दाला चिकटलेली दोषाची छाया अजून गेलेली नाही. ती रुग्णावरून सरकून घरच्या माणसांवर पडली आहे, इतकेच.

हे मी केवळ तर्काने म्हणत नाही. २००१ साली विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या मनोविकारतज्ज्ञांनी गोव्यातील वृद्धांच्या मानसिक आरोग्याविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंशाची लक्षणे सांगितल्यावर लोकांना ती ओळखू आली, परंतु तो आजार आहे असे त्यांना वाटत नव्हते. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून जे सोडून देतात, त्यातलाच तो प्रकार ठरला. कारण म्हणून मात्र मुलांनी केलेली हेळसांड आणि मायेचा अभाव यांकडे बोट दाखवले गेले. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. म्हाताऱ्यांची सेवा ही पुष्कळदा त्यांची मालमत्ता मिळण्याच्या अपेक्षेशी बांधलेली असते, आणि कुटुंबाचा आधार आपण सांगतो तितका भक्कम नसतो.

ही दोन निरीक्षणे शेजारी ठेवून पाहावीत. ज्या समाजात म्हातारपणाचे हे दुखणे मुलांच्या निष्ठुरपणाचे फळ मानले जाते, तेथे आईला एखाद्या शुश्रूषागृहात ठेवणारा मुलगा अपराधी ठरणारच. पण सेवा आणि वारसा यांचा हिशेब एकाच वहीत मांडणाऱ्या घरात आईला ठेवून घेणारा मुलगा कर्तव्यदक्ष असेलच, याची तरी शाश्वती काय? आपल्या मोरजीत हा प्रश्न अधिकच टोकदार झाला आहे. समुद्रकाठच्या जुन्या घरांना व भाटांना पूर्वी कोणी स्वप्नातही पाहिला नव्हता असा भाव आला. कित्येक घरांतल्या खोल्या पर्यटकांसाठी रंगवून तयार असतात. मुले मुंबईत, पुण्यात, आखातात. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्यांचे येणे सोपे झाले. राहणे मात्र सोपे झालेले नाही.

हा प्रश्न काही थोड्या घरांचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीच्या पुढील दर शंभर माणसांत सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे. एकूण संख्या सुमारे ८८ लाख. म्हणजे हा आजार बहुतेक प्रत्येक वाड्यावर आहे. आणि त्याच्याबरोबर तो प्रश्नही आहे, जो घरातली माणसे दार लोटून दबक्या आवाजात एकमेकांना विचारतात : आता यांना कुठे तरी ठेवावे काय? ठेवले तर आपण त्यांना टाकले, असे होईल काय?

संस्थेविषयी आपल्या मनात जी धास्ती आहे, ती घडवण्यात मराठी रंगभूमीचा वाटा मोठा आहे. १९७० साली रंगमंचावर आलेल्या शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ने घर हरवलेला बाप आपल्यासमोर उभा केला, आणि शेजारच्या आरवलीच्या जयवंत दळवींनी ‘संध्याछाया’त परतून न येणाऱ्या मुलांची वाट पाहणारे आईबाप. या दोन्ही नाटकांनी एका पिढीला हलवले. पण त्यांतील म्हातारी माणसे शुद्धीवर आहेत. आपल्यावर काय ओढवले आहे, ते त्यांना पुरते कळते. ज्याला आपले घर हे आपले आहे हेच कळेनासे झाले, त्याच्या बाबतीत त्या नाटकांतला न्याय जसाच्या तसा लावता येत नाही.

येथे एक ऐतिहासिक गोष्ट सांगण्याजोगी आहे. या आजाराच्या एका प्रमुख प्रकाराला अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरचे नाव आहे. १९०६ साली त्यांनी ज्या रुग्णेची हकीकत वैद्यांच्या सभेत मांडली, ती स्त्री १९०१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली होती. घरी तिला सांभाळणे नवऱ्याला अशक्य झाले होते. म्हणजे या आजाराच्या इतिहासाचे पहिले पानच थकलेल्या घराने उघडलेले आहे. आपली कुटुंबसंस्था मोडली म्हणून हा पेच आला, असे समजण्याचे कारण नाही. आजाराच्या स्वरूपातच तो आहे.

‘आम्ही आईला घरीच सांभाळतो’ हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो. या वाक्यातला ‘आम्ही’ कोण, हे क्वचितच विचारले जाते. रात्री तीनदा उठणारी, ओली चादर बदलणारी, एकच प्रश्न चाळीस वेळा ऐकून एकेचाळिसाव्या वेळीही उत्तर देणारी व्यक्ती बहुतेक घरांत एक स्त्री असते. सून, पत्नी किंवा अविवाहित मुलगी. वाक्य बोलणारा दुसराच असतो. माझे थोरले बंधू शाळामास्तर होते. त्यांना हा आजार जडला तेव्हा वहिनी सत्तरीला आल्या होत्या. शिवोलीचा पूल होऊन कैक वर्षे लोटली, तरी बंधू तिन्हीसांजेला काखेत छत्री मारून फेरीबोट गाठायला निघत. रात्री ते दार उघडून जातील म्हणून वहिनी कडीला सुतळी बांधून तिचे दुसरे टोक आपल्या मनगटाला गुंडाळत. मुले आणि मुलगी जमल्यावर मी सर्वांत आधी वहिनींना बोलते केले. त्या एवढेच म्हणाल्या, “मला रात्रीची झोप हवी.” त्या वाक्यापुढे आमची धर्म, रूढी आणि लोक काय म्हणतील ही सगळी चर्चा थांबली. एका माणसाची सेवा हा धर्म असेल, तर त्यासाठी दुसऱ्या माणसाचा जीव खर्ची घालणे हाही धर्मच, असे कोणत्या शास्त्रात आहे?

यावर कोणी म्हणेल की परक्याच्या हातून ममता कशी मिळणार? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात याचे एक उत्तर आहे. मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री एका हत्तीच्या मागे चालत हरवतात, आणि त्या माहुताची बायको त्यांना लेकराप्रमाणे जवळ करते. तिला त्यांचे पांडित्य ठाऊक नाही. म्हणून ते गेल्याचे दुःखही तिला नाही; समोर आहे तो जीव तेवढा तिला दिसतो. मुलीला मात्र बापाकडे पाहताना दर वेळी जे हरवले तेच आधी दिसते. परक्याच्या सेवेत एक मोकळेपणा असू शकतो, जो रक्ताच्या माणसाला साधत नाही. अर्थात असू शकतो, असतोच असे नाही. म्हणून तर निवड डोळसपणे करायची.

शासकीय नोकरीत एक साधा नियम अंगवळणी पडतो. काम सोपवता येते, अधिकारही काही मर्यादेत सोपवता येतात. उत्तरदायित्व सोपवता येत नाही. खालच्याने फाईल कशी हाताळली याचा जाब सही करणाऱ्यालाच द्यावा लागतो. मला वाटते, ‘सोपवणे’ आणि ‘सोडणे’ यांतली रेषा हीच आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ यानेही ती ओळखली आहे. वृद्धाला वाऱ्यावर सोडणाऱ्यास त्या कायद्याच्या २४व्या कलमात तीन महिन्यांपर्यंत कैदेची किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची किंवा दोन्हींची शिक्षा आहे. परंतु तेथे अपराध ठरतो तो कोणत्याही ठिकाणी ‘पूर्णपणे सोडून देण्याच्या हेतूने’ ठेवण्याने. ठिकाण कोणते, याला महत्त्व नाही. या न्यायाने शुश्रूषागृहात ठेवलेला बाप सोडलेला नसू शकतो, आणि स्वतःच्याच घराच्या मागच्या खोलीत कडी लावून ठेवलेला बाप सोडलेला असू शकतो.

घर की संस्था, अशी दोनच दारे आहेत असेही नाही. २००८ साली डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातीलच ८१ कुटुंबांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. थोडे प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने घरोघर जात, आजार समजावून सांगत, रुग्णाच्या वागण्याला कसे सामोरे जावे ते दाखवत, गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाची मदत मिळवून देत. रुग्ण बरे झाले नाहीत, होणारही नव्हते. पण सांभाळणाऱ्यांची मानसिक स्थिती सुधारली, त्यांचा ताप कमी झाला. घराला आधार मिळाला तर घर अधिक काळ तग धरते. शुश्रूषागृहाचा विचार करण्यापूर्वी असा आधार आपण शोधला काय, हा पहिला प्रश्न असावा. त्याचे उत्तर मिळूनही भागत नसेल, तरच दुसरे दार ठोठवावे.

ते ठोठावताना काय पाहावे? दर्शनी बाग आणि फरश्यांची चकाकी पाहून काही कळत नाही. न कळवता, जेवणाच्या वेळी किंवा संध्याकाळी जावे. या रुग्णांची अस्वस्थता बहुधा दिवस कलताना वाढते. रात्री किती माणसांमागे किती परिचारिका असतात, ते विचारावे. आम्ही पाहिलेल्या एका ठिकाणी दुपारी तीन-चार वृद्धांना खुर्चीला पट्ट्याने बांधलेले होते आणि खोल्या मात्र स्वच्छ होत्या. तेथून आम्ही परतलो. झोपेच्या गोळ्या कोणाच्या सोयीने दिल्या जातात, हे विचारायला संकोच करू नये. भाषेकडे तर विशेष लक्ष द्यावे. पुढे शिकलेल्या भाषा आधी विरतात आणि लहानपणीची बोली बहुधा शेवटपर्यंत साथ देते. तेव्हा इंग्रजी-हिंदीत गोड बोलणाऱ्या परिचारिकेपेक्षा ‘जेवलात मरे?’ म्हणणारी बाई अधिक मोलाची. सकाळी पेज मिळेल काय, दुपारी हुमण-शीत मिळेल काय, तुळशीपुढे दिवा लावता येईल काय, हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. ज्याच्याकडे आठवणींचे शब्द उरले नाहीत, त्याच्याकडे चवीची आणि वासाची ओळख उरलेली असते. आणि शेवटचे, अंतर. बंधूंसाठी पुण्यातील अधिक सोयीचे ठिकाण सुचवले गेले होते. आम्ही अर्ध्या तासावरचे साधे ठिकाण घेतले, कारण वहिनींना तेथे बसने जाता येत होते.

या सगळ्यात एक उणीव राहते. निर्णय ज्याच्याविषयी, त्याचे मत काय? महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात धृतराष्ट्र आणि गांधारी वनात निघाली तेव्हा कुंतीही त्यांच्याबरोबर गेली. मुलांनी परोपरीने विनवले, तरी ती फिरली नाही. राज्य मिळवलेल्या मुलांच्या घरात राहण्याचे नाकारून तिने आपला शेवट स्वतः निवडला. आपल्या ‘वृद्धाश्रम’ या शब्दातला ‘आश्रम’ त्या परंपरेतला आहे, पण तेथे माणूस आपल्या पायांनी जात असे. स्मृतिभ्रंशात ही निवड करण्याची शक्तीच ओसरत जाते. म्हणून ती आधी विचारून ठेवली पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याने प्रत्येक प्रौढ व्यक्तीला, पुढे मानसिक आजार झाल्यास आपली शुश्रूषा कशी व्हावी हे लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे. आपण मालमत्तेच्या वाटण्या वेळेवर करतो. गोव्याच्या कायद्यात मुलामुलींचा वारसा समान आहे, हे आपण कौतुकाने सांगतो. मग सेवेची वाटणीही मुलामुलींत, पैशाने आणि वेळेने, समान का असू नये?

त्याच पर्वात पुढे पांडव आईला भेटायला वनात जातात, काही दिवस राहतात, परततात. नंतर वणव्यात तिघांचाही अंत झाल्याची वार्ता येते आणि युधिष्ठिर ऊर फुटेतो शोक करतो. कुंती स्वेच्छेने गेली होती, मुलांनी तिला अडवले होते, ते भेटूनही आले होते. तरी शोक आणि अपराधभावना चुकली नाही. मला यात मोठा दिलासा वाटतो. मनाला लागलेली टोचणी हा आपण चुकल्याचा पुरावा असतोच असे नाही. योग्य निर्णयालाही ती असते, आणि ती असते तोवर माणूस भेटीला जात राहतो.

“आता त्यांना ओळखही पटत नाही, जाऊन उपयोग काय?” असे पुष्कळ जण विचारतात. ओळख पटत नाही हे खरे. परंतु भेट विसरली गेली तरी भेटीने आलेली प्रसन्नता काही काळ टिकते, असा अनुभव आहे. शिवाय ज्या रुग्णाकडे नेमाने कोणी येते, त्याच्या नखांकडे आणि पाठीवरच्या जखमांकडे परिचारिकांचेही लक्ष राहते. जाब विचारणारा कोणी आहे, हे कळले की काम नीट होते. हे कोणत्याही कार्यालयाइतकेच शुश्रूषागृहालाही लागू आहे.

चवथीला आपण सारे मूळ घरी जमतो. माटोळी बांधताना, आरतीला, जेवणाच्या पंगतीला चार पिढ्या एकत्र असतात, आणि म्हाताऱ्यांची बुद्धी शाबूत असते तोवर त्यांना विचारण्यासारखी दुसरी वेळ नाही. विषय अवघड आहे, सणात अशुभ वाटेल. पण वडीलधाऱ्यांनीच तो काढला तर मुलांची जीभ मोकळी होते. यंदा आमच्या घरी तो मी काढणार आहे, माझ्याविषयी.